सागरी मार्गावर दुचाकीलाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेवस ते रेड्डी या सागरी मार्गावरील खाडीपुलांच्या बातम्या आपल्या दैनिकात अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. पूल किती लांबीचा, खर्च किती कोटींचा आणि गोव्याला पोहोचायला किती वेळ वाचणार, ही माहिती त्या बातम्यांत असते आणि ती असायलाही हवी. मात्र या रस्त्यावर जो माणूस रोज असतो, म्हणजे मोटारसायकलच्या मागे टोपली बांधून मासळी विकायला निघालेला, शेजारच्या गावातील शाळेत शिकवायला जाणारा, किंवा फवारणीचा पंप पाठीला लावून कुणाच्या तरी कलमांच्या बागेत कामाला निघालेला, त्याच्यासाठी या नव्या रस्त्यात काय योजले आहे, हे कुठे वाचल्याचे मला आठवत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी रत्नागिरीहून गुहागर आणि तेथून परत असा एका दिवसाचा प्रवास एकट्याने मोटारसायकलवर केला. त्या दिवशी जे पाहिले आणि जे सोसले, त्यावरून काही गोष्टी संबंधितांच्या कानावर घालाव्यात, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

आरंभीच स्पष्ट करतो की हा मार्ग होऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. बॅरिस्टर अंतुले 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री होते. किनाऱ्याकिनाऱ्याने रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे जोडणाऱ्या रस्त्याची कल्पना त्यांच्या नावाशी जोडली जाते. त्यानंतर चाळीस वर्षे लोटली, तरी सुमारे पाचशे किलोमीटरचा हा रस्ता मोठ्या खाड्यांपाशी आजही तुटलेलाच आहे. आता धरमतर, आगरदांडा, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी, कुणकेश्वर अशा ठिकाणी मोठे पूल नियोजित आहेत. रात्री-अपरात्री बाळंतिणीला किंवा हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला घेऊन खाडीच्या काठावर उभे राहण्याची वेळ ज्या घरांवर आली असेल, त्यांना पुलाचे मोल दुसऱ्या कुणी सांगायला नको. पूल व्हावेत आणि लवकर व्हावेत. माझे म्हणणे आहे ते पुलांच्या मधल्या रस्त्याविषयी आणि त्या रस्त्यावरच्या दोन चाकांविषयी.

माझे वय 59 आहे. नोकरीची पहिली काही वर्षे मी औषधांचा प्रतिनिधी म्हणून याच पट्ट्यात फिरलो, त्यामुळे येथील घाट्या, मोऱ्या आणि वळणे मला परकी नाहीत. गाडी सव्वाशे सीसीची, रोजच्या वापरातली. सकाळी साडेसहाला घर सोडले तेव्हा उजाडू लागले होते. शिरगाव मागे टाकून साखरतरच्या पुलावर आलो, तर खाडीवर धुक्याचा पातळ थर होता आणि होड्या त्यातून निम्म्याच दिसत होत्या. बसणीच्या पुढे रस्ता वळत वळत आरे गावाच्या किनाऱ्यावर उतरतो. तेथे सुरूच्या बनातून जाताना समुद्र दिसण्याआधी ऐकू येतो आणि मग शेजारच्या वारे गावाकडे जाणारी चढण सुरू होते. त्या चढणीच्या माथ्यावर गाडी बंद करून मी हेल्मेट काढले. एका बाजूला आरे गावाची वाळू, दुसऱ्या बाजूला वारे गावाची, मध्ये डोंगराचे नाक समुद्रात घुसलेले, आणि भरतीची रेघ दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी पांढरी होताना दिसत होती. कोकणात जन्म गेला तरी या जागेवर आले की मला आजही बोलवत नाही. एकट्याने यावे ते यासाठी. मागे कुणी बसलेले नसते, कुणाला उशीर होत नसतो, आणि हव्या तितक्या वेळा थांबता येते.

पण थांबायचे कोठे? माथ्यावर दुचाकी धड उभी करता येईल अशी सपाट, डांबराबाहेरची जागा मला सापडली नाही. पर्यटकांच्या गाड्या वळणावरच उभ्या राहतात, त्यांची दारे रस्त्याच्या बाजूला उघडतात आणि समोरून एसटी आली की सगळेच एकमेकांकडे पाहत राहतात. मी ज्या ठिकाणी गाडी लावली तेथे साईड स्टँड मातीत रुतून गाडी कलंडायला आली, तेव्हा एक चपटा चिरा शोधून त्याखाली घातला. वर्षानुवर्षे ज्या जागेची छायाचित्रे कोकणच्या पर्यटनाची ओळख म्हणून छापली जात आहेत, त्या जागी चार चाकी आणि दोन चाकी वाहनांसाठी वळणापासून थोडा दूर, चिऱ्यांनी बांधलेला एक साधा थांबा असावा, ही मागणी अवाजवी नसावी.

या प्रवासात मला सर्वाधिक त्रास झाला तो डांबराच्या कडेचा. मोटारीत बसणाऱ्याला ही गोष्ट जाणवणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. जुन्या एकेरी रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. रस्ता दोन-दोन, तीन-तीन इंचांनी वर येत जातो, पण बाजूच्या साईडपट्टीवर मात्र क्वचितच कुणी मुरूम टाकतो. त्यात आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो उतारावरून वाहताना कडेची माती धुऊन नेतो आणि तेथे घळ पडते. परिणामी डांबर संपते तेथे एक सरळ पायरी तयार होते. काही ठिकाणी ती माझ्या बुटाच्या घोट्यापर्यंत आली. समोरून एसटी किंवा चिऱ्याचा ट्रक आला की दुचाकीस्वाराने खाली उतरावे, अशी या रस्त्याची अलिखित रीत आहे. खाली उतरताना पुढचे चाक पायरीवरून आपटते, आणि पुन्हा वर येताना तेच चाक पायरीला घासत जाते, वर चढत नाही, हँडल वळवले की गाडी आडवी होते. जे नेहमी या रस्त्यावरून जातात ते गाडी जवळजवळ थांबवून, काटकोनात वळवून वर घेतात. बाहेरगावच्या तरुण मुलाला हे कुणी शिकवलेले नसते. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या सुट्टीत गावी आलेली मुले या कडेवर पडतात, आणि गावात बोलले जाते की पोरगा वेगात होता. असेलही काही वेळा. पण कडेची पायरी भरून काढायला मुरूम आणि रोलर एवढेच लागते, आणि पावसाळा संपल्यावर दरवर्षी हे काम झाले तर त्यातील बरीच मुले पडणार नाहीत.

नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे हा भाग मी लवकरच ओलांडला. तेथे रस्ता बरा आहे आणि सकाळच्या वेळी गर्दीही नव्हती. मालगुंडला चहा घेतला. खंडाळ्याच्या पुढे जयगडच्या बंदराकडे जाणारी अवजड वाहने लागतात. त्या रस्त्यावर दुचाकीस्वाराने आरशावर लक्ष ठेवावे आणि मागचा ट्रक जवळ येण्याआधीच बाजूला व्हावे, एवढेच सांगतो.

जयगडच्या जेटीवर मात्र मी मुद्दाम वेळ काढला. फेरीबोट पलीकडून निघालेली दिसत होती. आमच्या तरुणपणी ही बोट नव्हती. तेव्हा होडीला फळी लावायची, दोन खलाशी पुढून आणि दोन मागून अशी मोटारसायकल उचलून आडवी ठेवायची, पेट्रोलचा कॉक बंद केला आहे ना हे तीनदा पाहायचे, आणि पलीकडे पोहोचेपर्यंत एका हाताने हँडल धरून बसायचे. पावसाळ्यात तर ते धाडसच होते. एरवी गुहागरला जायचे तर राई-भातगावच्या पुलावरून लांबचा वळसा घ्यावा लागे, तो आजही घ्यावा लागतो. फेरीबोट सुरू झाली तेव्हा या दोन तालुक्यांतील माणसांचे किती कष्ट वाचले, हे मी पाहिलेले आहे.

बोट लागली की समोरची लोखंडी झडप काँक्रीटच्या उतारावर टेकते. त्या उतारावर भरतीची खूण जेथपर्यंत असते तेथपर्यंत हिरवे शेवाळ असते, आणि झडपेवर वाहनांच्या चाकांनी झिजून गुळगुळीत झालेल्या आडव्या पट्ट्या. मोटारीला चार चाके असतात, तिचे काही बिघडत नाही. दुचाकी या ठिकाणी पहिल्या गियरमध्ये, पुढचा ब्रेक अजिबात न दाबता, दोन्ही पाय खाली टेकवत सरळ रेषेत न्यावी लागते. माझ्या पुढे एक बाई स्कूटरवर होत्या, पायाशी तांदळाची गोणी, मागे दहा-बारा वर्षांची मुलगी. मुलीला त्यांनी आधीच उतरवले होते. खलाशी पोरगा न सांगता पुढे झाला, त्याने स्कूटरच्या मागे हात लावला आणि गाडी वर घेतली. नंतर प्रत्येक दुचाकीच्या चाकाला त्याने लाकडी पाचर लावली. या मुलांचे काम कुणी लिहीत नाही, म्हणून मी येथे नोंदवतो. पण ते शेवाळ ताठ झाडूने आणि चुन्याने आठवड्याला घासून काढणे, आणि उताराच्या काँक्रीटला आडव्या खाचा पाडणे, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक जेटीवर व्हायला हवे. खाचांना एका दिवसाचे काम लागेल.

खाडीचा प्रवास जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा. शास्त्री नदी येथे समुद्राला मिळते. डावीकडे उघडा समुद्र, उजवीकडे आत वळत गेलेली खाडी, मागे जयगडचा किल्ला. पूल झाल्यावर ही बोट राहील का, असे मी शेजारच्या गृहस्थांना विचारले. तवसाळचे होते, बाजार करून परत निघाले होते. ते म्हणाले, "पूल झाला तर गाडीवाल्यांची सोय होईल, पण पायी माणसाने जायचे कुठून?" त्यांच्या प्रश्नाचा मी वाटेत बराच विचार केला. मोठ्या पुलाची टोके उंचावर, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, काढली जातात, तर गाव आणि जेटी पाण्याच्या काठाला असतात. बोट उत्पन्नाअभावी बंद पडली, तर ज्याच्याकडे गाडी नाही अशा माणसाला समोर दिसणाऱ्या गावाला जाण्यासाठी आधी डोंगर चढावा लागेल आणि मग पुलावरून उन्हात चालत जावे लागेल. पूल सुरू झाल्यावरही किमान सकाळ-संध्याकाळच्या काही फेऱ्या शासनाने पदरमोड करून चालू ठेवाव्यात, असे मला मनापासून वाटते.

पुलांच्या रचनेविषयीही एक गोष्ट येथेच लिहितो. खाडीच्या मुखावरच्या उंच पुलावर पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आडवा लागतो. दोनशे किलोची मोटारसायकलही त्या वाऱ्याने हातभर सरकते, आणि स्कूटरची तर गोष्टच वेगळी. पुलाचे सांधे लोखंडी असतात, पावसात ते निसरडे होतात, आणि नेमके वाऱ्याच्या झोताच्या वेळी चाक त्या लोखंडावर असेल तर स्वार काही करू शकत नाही. नव्या पुलांवर दुचाकींसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी असावी, समुद्राच्या बाजूचा कठडा वारा अडवेल इतक्या उंचीचा असावा, आणि सांध्यांच्या लोखंडावर खरखरीत लेप असावा. पुलांचे आराखडे तयार होत असतानाच हे सांगायला हवे, कारण पूल बांधून झाल्यावर त्याची रुंदी वाढवता येत नाही.

तवसाळच्या जेटीवरून रस्ता चढतो आणि सड्यावर येतो. डिसेंबरात सड्यावरचे गवत वाळून सोनेरी होते, मधूनमधून कातळ उघडा पडलेला असतो आणि त्यात पावसाळ्यातल्या डबक्यांच्या सुकलेल्या कडा दिसतात. रोहिल्यापाशी रस्ता पुन्हा समुद्राकडे झुकतो. शेतांत उडव्या रचलेल्या होत्या, भात निघालेल्या खाचरांत कुळीथ आणि कडवे वाल वर आले होते, आणि कुंपणाच्या आत कलमांना कुठे कुठे मोहोर फुटू लागला होता. या तुकड्यात अर्धा तास मला एकही मोटार भेटली नाही. हेदवीला बामणघळीवर गेलो, भरती असल्याने फटीतून पाणी उसळत होते. दशभुज गणेशाचे दर्शन घेतले आणि पुढे निघालो.

त्यानंतर मी पडलो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण असे वळण या मार्गावरच्या अनेक गावांबाहेर आहे आणि एका गावाला किंवा एका ठेकेदाराला बोल लावण्यासाठी हे पत्र नाही. उताराचे, डावीकडचे, आत वळत जाणारे वळण होते. डोंगराच्या बाजूला वाढलेले रान वळणावर आले होते, त्यामुळे पलीकडचे वीसेक मीटरच दिसत होते. माझा वेग चाळीसच्या आत होता. वळणाच्या पोटात कुणीतरी खड्डे बुजवले होते आणि उरलेली बारीक खडी तशीच पसरून ठेवली होती. ती डांबरासारखीच काळी पडली होती, सावलीत वेगळी दिसली नाही. पुढचे चाक निघाले आणि मी गाडीसकट सरकत साईडपट्टीपर्यंत गेलो. समोरून त्या क्षणी काही येत नव्हते. आले असते तर हे पत्र लिहायला मी नसतो, हे शब्द मी विचार करून लिहीत आहे.

हेल्मेट, जाड पँट आणि हातमोजे यांनी वाचवले. गुडघा सोलला, कोपर दुखावला, क्लचचा लिव्हर वाकला, डावा इंडिकेटर फुटला. आवाज ऐकून वरच्या घरातून एक काकू आणि त्यांचा मुलगा धावत आले. "लगेच उठू नका, आधी बसा," असे म्हणून काकूंनी मला चिऱ्यावर बसवले, पाणी दिले, हळद आणली. मुलाने गाडी उभी केली, पेट्रोल गळत नाही ना हे पाहिले, आणि घरातून पाण्याच्या पाइपाचा एक तुकडा आणून तो लिव्हरवर सरकवून हळूहळू सरळ केला. तो इतक्या सराईतपणे हे करत होता की मी विचारले. तो म्हणाला, "या वळणावर पंधरा दिवसांत एक तरी पडतोच, पाइप मी पायरीवरच ठेवलाय." त्याने नंतर खराटा आणला आणि खडी झाडून कडेला केली. मी मदत करायला उठलो तर काकूंनी उठू दिले नाही.

खडी उरते, कारण खड्डा भरताना ती अंदाजाने टाकली जाते आणि वरून रोलर नीट फिरत नाही. रहदारीच्या चाकांनी ती मोकळी होऊन वळणाच्या आतल्या बाजूला जमते. मोटारीच्या रुंद चाकांखाली ती फक्त करकरते. मोटारसायकलचे चाक रस्त्याला जेथे टेकते ती जागा तळहाताएवढी असते, आणि वळणात गाडी कललेली असताना त्या तळहाताखाली गोटे आले तर धरायला काही उरत नाही. खड्डे बुजवण्याचे काम संपले असे समजण्यापूर्वी वळण खराट्याने झाडून घेणे, ही अट कामाच्या कागदांत घालता येईल. काम चालू असताना पुढच्या-मागच्या पन्नास पावलांवर एक फलक उभा करता येईल. वळणावरचे रान गणपतीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तोडता येईल. जेथे डोंगर कापता येत नाही, तेथे बहिर्गोल आरसा लावता येईल. साठच्या वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर अंतर कापते. वीस मीटर दिसणाऱ्या वळणावर दोघेही समोरासमोर असतील तर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

गतिरोधकांचेही असेच आहे. शाळेसमोर, मंदिरासमोर ते असावेत, पण त्यांवर पांढरे पट्टे हवेत आणि त्यांची उंची ठरलेली हवी. परतीच्या वाटेवर अंधार पडल्यावर न रंगवलेला एक गतिरोधक मला फक्त समोरच्या रिक्षाचे मागचे दिवे वर उसळल्यामुळे कळला.

वेळणेश्वरला पोहोचेपर्यंत गुडघा ताठरला होता. तेथे एका घरगुती खानावळीत भात, कुळथाचे पिठले आणि सोलकढी घेतली, तासभर नारळाच्या सावलीत पाठ टेकली. मागे फिरावे असे मनात आले होते, पण पालशेत आणि असगोलीचा रस्ता पुढे होता आणि मोडकाआगरच्या धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा मला हवा होता. दोन वाजता गुहागरच्या किनाऱ्यावर पोहोचलो.

गुहागरला एक दृश्य पाहून मन खट्टू झाले. पाच-सहा मोटारसायकली भर वाळूत घातलेल्या होत्या आणि मुले पाण्याच्या कडेने त्या पळवत होती. हा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा आहे. नोव्हेंबरपासून मादी रात्री वर येते, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून अंडी घालते आणि ती बुजवून निघून जाते. किनाऱ्यावर राखण करणारी माणसे सकाळी तिच्या पावलांच्या खुणांवरून घरटे शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या जागी नेतात. चाकांनी त्या खुणा पुसल्या तर घरटे सापडतच नाही, आणि वाळू दाबली गेली तर पिल्लांना वर येता येत नाही. मी त्या मुलांशी बोललो. त्यांना यातले काही माहीत नव्हते, आणि सांगितल्यावर त्यांनी गाड्या बाहेर काढल्या, हे मी आवर्जून लिहितो. रस्ता आम्हाला सुरक्षित करून मागताना आम्हा दुचाकीस्वारांकडूनही एवढे व्हायलाच हवे. किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रत्येक पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, तोंडाशी दोन चिऱ्यांचे खांब उभे केले, तर माणूस आत जाईल आणि गाडी बाहेर राहील.

परतताना मी वेगाचा विचारही केला नाही. साडेपाचनंतर गुरे घरी परतू लागतात, ती रस्त्याच्या मधोमध चालतात आणि तो त्यांचाच रस्ता आहे. सूर्यास्ताला तवसाळच्या उतारावर होतो. जुन्या मोऱ्यांवर जांभ्या दगडाचे, चुना फासलेले जे कठडे अजून शिल्लक आहेत, ते दिव्याच्या उजेडात दुरून दिसतात आणि वळण कसे आहे ते सांगतात. नव्या कामांत त्यांच्या जागी लोखंडी पट्ट्या येत आहेत. खाऱ्या हवेत लोखंड किती वर्षे टिकते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला आपल्या खिडकीच्या गजांवरून ठाऊक आहे. शिवाय घसरत गेलेल्या दुचाकीस्वारासाठी त्या पट्टीखालचे उघडे खांब फार घातक असतात. जेथे पट्टी लावणे भाग असेल तेथे खालचा भागही झाकलेला असावा, आणि जेथे जांभ्याचा कठडा पुरेसा आहे तेथे तोच राखावा. तो बांधणारे गवंडी अजून प्रत्येक गावात आहेत.

शेवटी मुख्य विनंती. नवा मार्ग जेथे गावाबाहेरून जाईल, तेथे गावातून जाणारा जुना रस्ता वाऱ्यावर सोडला जाऊ नये, आणि तो रुंद करण्यासाठी त्याच्या कडेचे आंबे, फणस, वड तोडलेही जाऊ नयेत. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात किती जुनी झाडे गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जलद जाणाऱ्यांना नवा रस्ता मिळू दे. जुना रस्ता सावकाश जाणाऱ्यांसाठी, म्हणजे दुचाकी, सायकल, गुरे, शाळेची मुले आणि एसटी यांच्यासाठी, आहे त्याच रुंदीत ठेवावा. त्याची साईडपट्टी भरावी, वळणे मोकळी करावीत आणि त्याच्या देखभालीची तरतूद नव्या मार्गाच्या खर्चातच आताच करून ठेवावी. सड्यावरून नवी आखणी करताना कातळशिल्पांची पाहणी आधी व्हावी, हेही जोडतो. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील काही कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आली आहेत, आणि अजून न सापडलेली गवताखाली किती असतील ते सड्यावर फिरणाऱ्या गुराख्यांनाच विचारावे लागेल.

मी त्या दिवशी थांबत थांबत आलो, आणि जेथे कडेची पायरी घोट्याएवढी होती, जेथे वळणावर खडी होती, जेथे गतिरोधकाला पट्टे नव्हते, अशा प्रत्येक जागेची नोंद गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासह आणि जवळच्या खुणेसह वहीत करून ठेवली आहे. पडल्यानंतरच्या पानांवरचे अक्षर वाकडे आले आहे, पण वाचता येते. रस्त्याची जबाबदारी असलेल्या कोणत्याही कार्यालयाने मागितली तर ती यादी मी स्वतः नेऊन देईन, आणि कुणी अभियंता पाहणीला निघणार असेल तर माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना घेऊन प्रत्येक जागा दाखवायला तयार आहे. गुडघा आता बरा आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक मोटारसायकलस्वार वाचक
रत्नागिरी